कपाटातली कथा टपालात कशी टाकावी

आमच्या थोरल्या जाऊबाईंची एक कथा सहा वर्षं लोखंडी कपाटात होती. पैठणीच्या घडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, फुलस्केपची अकरा पानं. त्यांच्या लेकीच्या साखरपुड्याला पैठणी काढताना पिशवी घसरून माझ्या पायाशी पडली म्हणून कळलं, नाहीतर एका घरात राहून मला पत्ता नव्हता. "अक्का, हे काय?" म्हटलं तर, "काही नाही गं, असंच." मी पहिलं पान वाचायला घेतलं तशी त्यांनी पिशवी हातातून काढून घेतली. पुन्हा कपाटात. या वेळी शालूखाली.

मी सांगलीकडची. बारा-तेरा वर्षं आमच्या भागातल्या एका छोट्या दिवाळी अंकाचं टपाल फोडते. संपादक मी नाही. संपादकांच्या टेबलावर काय जावं, एवढी पहिली चाळण माझ्याकडे. आता टपाल म्हणजे बहुतेक ईमेल, पण शब्द तोच राहिलाय. या टपालात कथा-कवितांपेक्षा जास्त काय येत असेल तर माफी. "चुकभूल माफ करावी", "मी काही लेखिका नाही", "आवडलं नाही तर फाडून टाकावं", आणि हे सगळं कधीकधी चांगल्या कथेच्या वर चिकटवलेलं. त्यातून माझं एक मत झालंय. लिहिलेलं बाहेर काढायची भीती 'लोकांची' नसते. ती दोन-चार माणसांची असते, आणि त्या माणसांना नावं असतात. एकदा नावं सापडली की प्रत्येकाचं वेगळं औषध आहे. मी अक्कांना जे करायला लावलं, ते त्याच क्रमानं सांगते.

आधी भीतीचं नाव-गाव काढा

वहीचं मागचं पान घ्या आणि हे वाक्य दहा वेळा लिहा: "हे छापून आलं तर अमुक वाचेल आणि म्हणेल, तमुक." अमुकच्या जागी माणसाचं नाव आलं पाहिजे. 'लोक', 'समाज', 'सगळे', 'चार जण' हे शब्द बाद. तमुकच्या जागी ते माणूस ज्या शब्दांत बोलेल ते शब्द, त्याच्याच ढंगात.

दहा वेळा म्हणते खरी, पण कुणाचीच दहा होत नाहीत. चौथ्या-पाचव्या ओळीला नावं संपतात. अक्कांची तीन झाली. पहिलं नाव शाळेतल्या मराठीच्या सरांचं, "ह्रस्व-दीर्घाची बोंब, आणि निघाली कथा लिहायला!" हे सर वारून वीस वर्षं झाली होती. दुसरं नाव धाकट्या नणंदबाईंचं, "माझ्यावरच लिहिलंयस की!" आणि तिसरे आमचे थोरले दीर, "तुला एवढा वेळ कुठून मिळाला?"

यादी बघून अक्का स्वतःच हसल्या. सहा वर्षं कथा कपाटात, आणि राखण करायला एक स्वर्गवासी, एक नणंद आणि एक नवरा.

तुमच्या यादीत वेगळी नावं असतील. ऑफिसातला साहेब असेल, कॉलेजातली ती मैत्रीण असेल जिची कविता तेव्हा भित्तिपत्रकावर लागली आणि तुमची नाही. काहींच्या यादीत एकच ओळ निघते: "कुणीच काही म्हणणार नाही." ही भीती सगळ्यांत चिवट असते. तिच्याकडे शेवटी येऊ.

सरांची लाल शाई

शुद्धलेखनाच्या भीतीनं किती लिखाण घरात अडकलंय याचा हिशेब कुणी केला तर रडू येईल. आपल्याकडे भाषेची भीती ही नुसती भाषेची नसते. 'पानी' म्हटलं की वर्ग हसायचा, ते हसणं चाळिशीतही कानात असतं.

तर आधी हे बघा की हा डोंगर केवढा आहे. मराठी लेखनाचे शासनमान्य नियम आहेत अठरा. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली मान्य झाले, १९७२ मध्ये आणखी चार आले. अठराच. उदाहरणांसकट पाच-सहा पानांत मावतात. रोज एक वाचला तर पंधरवडा आणि वर तीन दिवस.

त्याहून जवळचा रस्ता म्हणजे आपल्याच ठरलेल्या चुका शोधणं. प्रत्येकाच्या चुका पाच-सहाच असतात, त्याच पुन्हा पुन्हा होतात. माझ्या टपालात सर्रास दिसतात त्या सांगते. 'आणी' लिहितात, ते 'आणि', शेवट ह्रस्व. 'कि' लिहितात, ते 'की'. 'कवि', 'विनंति' हे एकटे असताना 'कवी', 'विनंती' होतात, मात्र समासात 'कविसंमेलन'. 'गरीब' दीर्घ, पण 'गरिबांना' ह्रस्व. तसंच वकील आणि वकिलाला, जमीन आणि जमिनीत. 'येउन', 'जाउन' नव्हे, 'येऊन', 'जाऊन'. एवढं सुधारलं तरी निम्मी लाल शाई वाळते. आणि 'केले-गेले' लिहायचं की 'केलं-गेलं', हे एकदा ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा. दोन्ही चालतं. एका परिच्छेदात दोन्ही आलं की मात्र वाचणारा अडखळतो.

उरलेलं मुद्रितशोधकावर सोडा. अंकाकडे तो असतो, त्यासाठीच असतो. ह्रस्व-दीर्घापायी आम्ही आजवर एकही चांगली कथा परत केलेली नाही. आठ-आठ टिंबं आणि तीन-तीन उद्गारचिन्हं असलेल्या कथांना मात्र मी जरा वाकड्या नजरेनं बघते, हे कबूल.

बोलीचा प्रश्न वेगळा. आमच्याकडच्या बायका संवादात "काय करालायस" लिहितात आणि घाबरून पुढच्या ओळीला 'काय करतो आहेस' करतात. ती कथा तिथंच मरते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची खानदेशातल्या बोलीतली गाणी त्या गेल्यानंतर, १९५२ साली, पुस्तकात आली, ती त्याच बोलीत. कुणी ती प्रमाण मराठीत 'सुधारून' छापली असती तर काय उरलं असतं? पात्र ज्या तोंडानं बोलतं त्याच तोंडानं बोलू द्या. निवेदन कोणत्या भाषेत ठेवायचं हे तुमचं तुम्ही ठरवा आणि ठरवल्यावर डगमगू नका.

पहिला परिच्छेद तपासा, भीती तिथं बसलेली असते

अक्कांनी अखेर कथा दिली वाचायला. सुरुवात अशी होती:

"आयुष्य म्हणजे ऊन-सावलीचा खेळ असतो. मानवी मनाचा थांग कुणालाच लागत नाही. अशाच एका कातर संध्याकाळी ती खिडकीत बसून भूतकाळाच्या गर्तेत हरवून गेली होती."

हे अक्का नव्हेत. अक्का 'गर्ता' हा शब्द जन्मात कधी बोललेल्या नाहीत. हे त्या सरांसाठी लिहिलेलं होतं, की बघा, मलाही येतं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर मात्र हे वाक्य होतं:

"आई गेली त्याच्या तेराव्याला, जेवणाची पानं उठायच्या आत तिनं विचारलं, पाटल्या कुणाकडं जाणार?"

मी तिथं पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि म्हटलं, "अक्का, कथा इथून सुरू होते." दीड पान गेलं. त्या दिवसभर गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ते दीड पान लिहायला मला दोन महिने लागले होते. हे वाक्य एका झटक्यात आलं होतं."

तुमच्या लिखाणावर हे करून बघा. पहिला परिच्छेद हातानं झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. काही अडलं नाही तर पहिला काढा. मग दुसरा झाका. वाचणारा आत शिरू शकतो अशा पहिल्या वाक्यापाशी थांबा.

त्यानंतर पंधरा दिवस कागदाला हात लावू नका. मग मोठ्यानं वाचा, मनात नव्हे. अक्कांनी फोनवर रेकॉर्ड केलं आणि लसूण सोलताना ऐकलं. जिथं जीभ अडखळली तिथं वाक्य मोडा. जिथं ऐकताना तुमचंच लक्ष कुकरच्या शिट्टीकडे गेलं, तिथं काहीतरी फुकट वाढलंय.

हे किती वेळा करायचं? माझी खूण सोपी आहे. काल काढलेला शब्द आज परत घातला, आणि उद्या तो पुन्हा काढावासा वाटला, की काम संपलं. त्यापुढे तुम्ही कथा सुधारत नसता, पाठवायचं पुढं ढकलत असता.

पहिला वाचक नेमा

नवरा नको, बायको नको, जिवाभावाची मैत्रीण नको. ती माणसं तुम्हाला वाचतात, कथेला नाही. आणि स्वतः लिहिणारा तर मुळीच नको, निदान पहिल्यांदा. तो तुमच्या कथेची त्याची कथा करून देतो. वाचायची सवय असलेलं, तुमच्या घरात उठबस नसलेलं माणूस शोधा. अक्कांनी वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या बाईंना विचारलं. या बाई तीस वर्षं लोक कोणतं पुस्तक दुसऱ्या दिवशी परत आणतात ते बघत आल्यात. याहून मोठा समीक्षक मला तरी माहीत नाही.

कागदावर छापून द्या आणि "कशी वाटली?" विचारू नका. या प्रश्नाचं मराठीत एकच उत्तर आहे, "छान." तीन प्रश्न विचारा. कुठं थांबलात? कुठं मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? वाचून झाल्यावर रात्री काय आठवलं? वाचनालयातल्या बाईंनी सातव्या पानाच्या समासात बारीक टिंब काढून दिलं होतं. "इथं मी गॅस बंद करायला उठले आणि मग लगेच परत आले नाही." सातव्या पानावर अक्कांनी गावच्या जत्रेचं वर्णन केलं होतं. जत्रा गेली.

सांगतील ते सगळं ऐकायचं असं नाही. 'इथं अडकले' हे वाचणाऱ्याचं नेहमी खरं असतं. 'इथं असं करा' हे बहुतेक वेळा तुमच्या कामाचं नसतं.

नणंदबाई ओळखतील त्याचं काय

ही भीती खोटी नाही, म्हणून तिला 'घाबरू नका' एवढं सांगून चालत नाही. कथेत खरं माणूस आलेलं असतं आणि ते माणूस दिवाळीला फराळाला येणार असतं.

नाव बदलणं पुरेसं नाही, हे कायद्यानंही आणि घरातही. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९-५०० मध्ये होता. नाव नसलं तरी वर्णनावरून माणूस ओळखू येत असेल तर तक्रार होऊ शकते. "पण हे खरंच घडलंय" एवढ्यानंही सुटका होत नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. गेलेल्या माणसाबद्दल लिहूनही, त्याच्या घरच्यांना दुखवायचा हेतू असला, तर हे कलम लागू शकतं. मी वकील नाही. आत्मकथनात कुणावर थेट आरोप करत असाल, तर छापण्याआधी वकिलाला दाखवाच.

कथा-ललित लिहिणाऱ्यांसाठी जास्त उपयोगाचं असं, की प्रसंगातली मुख्य वस्तू बदला. अक्कांच्या कथेत पाटल्या होत्या, आणि आमच्या घरात पाटल्यांवरून जे झालं ते निम्म्या गल्लीला ठाऊक आहे. पाटल्यांच्या जागी काय? आठवडाभर विचार करून त्यांनी शिलाई मशीन घातलं. पायानं चालवायचं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. आणि कथा बदलली. पाटल्या डब्यात गप्प बसतात; मशीन आवाज करतं. मशीन दुसऱ्या घरी गेल्यावर दुपारचा तो खडखड आवाज थांबला आणि घर कसं सुनं झालं, असा एक परिच्छेद आला. तो पाटल्यांच्या कथेत येणं शक्यच नव्हतं. भीतीपोटी केलेल्या बदलानं कथा सुधारलेली मी पाच-सहा वेळा तरी बघितलीय. गाव बदला, नातं बदला, नणंदेची मावशी करा. तुम्हाला जे सांगायचंय, म्हणजे पानं उठायच्या आत विचारलेला तो प्रश्न, तो शाबूत ठेवा.

दुसरा उपाय टोपणनावाचा. आपल्याकडे त्याची लाज बाळगायचं कारणच नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं आणि गदारोळ झाला, तेव्हा मुखपृष्ठावर विभावरी शिरूरकर हे नाव होतं. खऱ्या लेखिका बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. जे लिहायचं होतं ते त्या काळी एका बाईला स्वतःच्या नावानं लिहिणं कठीण होतं, म्हणून नाव बदललं. लिखाण मवाळ केलं नाही. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. टोपणनाव घेतलं तरी संपादकाला खरं नाव, पत्ता आणि मानधनासाठी खात्याचा तपशील द्यावाच लागतो, आणि 'नाव उघड करू नये' हे पत्रात स्पष्ट लिहावं लागतं. आम्ही ते पाळतो.

एकदम कथा नको, आधी चार ओळी

पोहायला शिकवताना कुणी थेट डोहात ढकलत नाही. (आमच्या आजोबांनी कृष्णेत ढकललं होतं, पण तो अपवाद.) ज्यांचे हात खरोखर कापतात त्यांनी आधी वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांत दोन-तीन पत्रं पाठवावीत. दीडशे शब्द, एक विषय, खाली नाव आणि गाव. अक्कांनी चौकातल्या सार्वजनिक नळावर लिहिलं. नऊ दिवसांनी छापून आलं, निम्मं कापून. जे कापलं गेलं त्यातच त्यांचं आवडतं वाक्य होतं. पण त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. आपलं लिखाण दुसऱ्यानं कापलं तरी आपल्याला काही होत नाही हे कळलं. आणि थोरल्या दिरांनी सकाळी पेपर उघडला, नाव वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुला एवढा वेळ कुठून मिळाला?" शब्दाला शब्द! अक्का मोरीत जाऊन हसत बसल्या. संध्याकाळी बघितलं तर पेपरचं ते कात्रण दिरांच्या दुकानात गल्ल्याच्या काचेखाली.

पुढची पायरी पुरवण्या आणि स्थानिक अंकांची. दिवाळी अंकाची परंपरा १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'पासूनची, आणि आज असे अंक शेकड्यांनी निघतात. हे लिहिणाऱ्याच्या फायद्याचं आहे. तुम्ही संपादकाला घाबरता, पण जुलैत संपादकही घाबरलेला असतो. जाहिराती ठरलेल्या, पानं ठरलेली, आणि नामवंतांनी कबूल केलेल्या कथा आलेल्या नाहीत. छोट्या अंकांत नव्या माणसाला जागा मिळते ती अशी.

कुठं पाठवायचं ते ठरवण्यासाठी वाचनालयात जाऊन मागच्या वर्षीचे सहा-सात अंक चाळा. ज्या अंकातल्या दोन कथा तुम्हाला उभ्या-उभ्या वाचून काढाव्याशा वाटल्या, तो तुमचा अंक. श्रेयनामावलीत ईमेल असतो. बहुतेकांचं आवाहन मे-जूनमध्ये येतं आणि जुलैअखेर दार लागतं. गणपतीत पाठवलेली कथा पुढच्या वर्षीची समजा. अक्कांना मी आमच्या अंकाकडे पाठवू दिलं नाही. घरचं टपाल घरच्यानं फोडू नये.

पाठवायचा दिवस

दिवस आणि वेळ आधी ठरवा, आणि त्या वेळेनंतर लगेच बाहेरचं काम ठेवा. भीतीला वेळ मिळाला की ती पुन्हा 'एकदा शेवटचं वाचते' म्हणते.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल असावी. फोनवरच्या मराठी कीबोर्डनं टाइप केलेलं युनिकोडच असतं, त्यामुळे वेगळं काही शिकायला नको. जुन्या फॉन्टमधली फाइल आमच्याकडे उघडली की नुसत्या चौकटी दिसतात. हस्तलिखिताचे तेवीस फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणारेही आहेत. ते मी तेराव्या फोटोपर्यंत वाचते, मग क्रम चुकतो आणि माझा धीर सुटतो. टाइप येत नसेल तर कॉलेजातल्या एखाद्या पोराला पानामागे पैसे द्या. फाइलच्या आतसुद्धा पहिल्या पानावर नाव, पत्ता, मोबाइल लिहा. ईमेल एकीकडे आणि फाइल एकीकडे अशी ताटातूट कायम होते.

सोबतचं पत्र अक्कांनी दीड पानाचं लिहिलं होतं. त्यात 'मी काही लेखिका नाही' दोनदा होतं. शेवटी जे गेलं ते असं:

"संपादक महोदय, नमस्कार. सोबत 'मशीन' ही कथा पाठवत आहे. शब्दसंख्या सुमारे २८००. कथा स्वतंत्र आणि अप्रकाशित असून सध्या अन्यत्र पाठवलेली नाही. निर्णय कळवावा ही विनंती."

खाली नाव-पत्ता. बास. माफी नाही, आजारपण नाही, 'नातवंडांच्या आग्रहाखातर' नाही. अप्रकाशित म्हणजे व्हॉट्सॲपच्या गटांतही न फिरलेली, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

दुपारी चार वाजता अक्का फोन घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तूच दाब." मी नाही दाबलं. ते बटण ज्याचं त्यानंच दाबावं लागतं. अंगठा दोनदा टेकवून उचलला, तिसऱ्यांदा दाबला आणि दळणाचा डबा उचलून तडक गिरणीत गेल्या.

परत आल्यावर एकच काम: वहीत चार रकाने. तारीख, काय, कुठं, उत्तर. पहिली ओळ भरा. आणि हे फार महत्त्वाचं, त्याच आठवड्यात दुसऱ्या कशाचं तरी पहिलं पान लिहा. हातात दुसरं काम नसलं की माणूस दिवसातून दहा वेळा ईमेल उघडतो.

उत्तर न येणं

आता ती चिवट भीती. कुणीच काही म्हणणार नाही, ही. खरं सांगते, बहुतेक वेळा तसंच होतं. आमच्या अंकात दहा-बारा कथांची जागा असते, येतात त्याच्या पाच-सहापट. नकार कळवायला आमच्याकडे माणूस नाही. ही आमची चूक आहे, पण ती तुमच्या कथेवरचा शेरा नाही. एका वर्षी सात कथा आल्या, सातांतही मुलगा अमेरिकेत आणि आई-वडील वाडीत एकटे. त्यांतल्या तीन चांगल्या होत्या. छापली एकच. उरलेल्या दोघींना काय वाटलं असेल?

तीन महिने थांबा. मग दोन ओळींची आठवण पाठवा. आणखी महिनाभर उत्तर नाही आलं, तर 'कथा अन्यत्र पाठवत आहे' असं कळवून पुढच्या जागी पाठवा. वहीत दुसरी ओळ. नकाराचं पत्र आलंच आणि त्यात कथेबद्दल एक जरी वाक्य असलं, तर समजा कुणीतरी खरोखर वाचलंय; त्या संपादकाला पुढची कथा आधी पाठवा.

आणि वाईटात वाईट काय होतं, तेही ऐका, कारण ते माझ्या बाबतीत झालंय. माझी पहिली कथा एका मासिकात आली तेव्हा शेवटचं पान छापायचंच राहिलं होतं. कथा वाक्याच्या मध्यात संपली. मी दोन दिवस जेवले नाही. संपादकांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. मग महिन्याभरानं एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: "शेवट सूचक ठेवलात, फार आवडला." ते कार्ड माझ्याकडे अजून आहे. शेवटचं पानही आहे, पण ते मी परत कधी जोडलं नाही.

पैसे मागणाऱ्यांपासून लांब

हे थोडक्यात, कारण यात खोल जाण्यासारखं काही नाही. 'सहभाग शुल्क' घेऊन प्रातिनिधिक संग्रहात कविता छापणारे, सोबत सन्मानपत्र आणि फेटा देणारे, हे भित्र्या लेखकावरच जगतात. मानधन कमी असेल, नसेलही. पण तुम्ही पैसे द्यायचे नाहीत. आयएसबीएन क्रमांकाचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, पैसे कुणी मागितले तर तो क्रमांक राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून मोफत मिळतो, हे ध्यानात ठेवा. लिखाण चोरीला जाईल ही धास्ती असेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो, नोंदणी नसली तरी, तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं. स्वतःच्याच ईमेलवर फाइल पाठवून ठेवा, तारखेचा पुरावा राहतो. हक्क कुणाला देणार असाल तर ते लेखी हवं, आणि किती वर्षांसाठी ते त्यात लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

छापून आल्यावरचे आठ दिवस

अक्कांची कथा पहिल्या ठिकाणाहून परत आली, दुसरीकडे उत्तरच आलं नाही, तिसऱ्या अंकानं घेतली, म्हणजे पाठवल्यापासून दुसऱ्या दिवाळीला छापून आली. अंक घरी आला तेव्हा त्यांनी आधी शेवटचं पान आहे का ते बघितलं. माझी गोष्ट ऐकल्याचा परिणाम.

पहिले आठ दिवस नातेवाइकांच्या गटावर अंगठे आणि फुलं येतील. त्यातलं बरंचसं न वाचता आलेलं असतं. राग मानू नका आणि त्यावर विसंबूनही राहू नका. "पान तीनवर तुम्ही आषाढ म्हणालात आणि पान पाचवर थंडी" असं कुणी कळवलं, तर त्या माणसाचा नंबर जपून ठेवा. पुढचा पहिला वाचक तो. खोचक बोलणाऱ्याला "वाचलंत, बरं वाटलं" एवढंच. कथेत तुम्हाला काय म्हणायचं होतं ते समजावत बसू नका. ते कथेत आलं असेल तर आलं, नाही तर पुढच्या वेळी.

धाकट्या नणंदबाई भाऊबीजेला आल्या. जेवणं झाल्यावर सोफ्यावर पाय घेऊन त्यांनी कथा वाचली, सबंध. आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी आवरायचं सोंग करत उभ्या. मग त्या आत आल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "वहिनी, ती मशीनवाली बाई म्हणजे आपली मिरजेची मावशीच की! हुबेहूब. ती वाचेल तर काय म्हणेल?"

अक्कांच्या वहीत आता सहा ओळी आहेत. सहावीचा रकाना अजून रिकामा आहे, पाठवून दोन महिने झाले. तिसरा महिना झाला की आठवण पाठवायचीय.